शिळ्या बटाट्याची खरवड

हॅश करायला फार सामान लागत नाही. उकडलेले बटाटे, शिजवलेलं मांस, एक कांदा, थोडं तूप किंवा चरबी आणि जाड बुडाचा तवा. बटाट्याच्या आणि मांसाच्या बारीक फोडी तव्यावर पसरायच्या, खाली तांबूस खरवड धरेपर्यंत हात लावायचा नाही, मग उलथून दुसरी बाजू तशीच होऊ द्यायची. वर पातळ बलकाचं अंडं. अमेरिकेतल्या डायनरमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळींत, हा सकाळचा नेहमीचा पदार्थ आहे, आणि त्यातही कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवून शिजवलेल्या बीफचा हॅश सगळ्यांत मानाचा. न्यू जर्सीसारख्या डायनरांनी भरलेल्या राज्यात राहणाऱ्या मराठी घरांना तो न खाताही ओळखीचा असतो, कारण शेजारच्या टेबलावर तो येतच असतो.

इतका सोपा पदार्थ घरी केला की बहुतेक वेळा बिघडतो. खाली खरवड धरत नाही, फोडी एकमेकींत विरघळतात आणि ताटात येतो तो कोमट, तेलकट लगदा. अशा वेळी करणारा दोष देतो तव्याला, आचेला किंवा बटाट्याच्या जातीला. त्यात थोडंफार तथ्य असतंच. पण खरं कारण बहुधा वेगळं असतं: बटाटा त्याच सकाळी उकडलेला असतो. हॅशला कालचा बटाटा लागतो. शिळेपण ही या पदार्थाची तडजोड समजली जाते. माझ्या मते ती त्याची पहिली अट आहे. हॅशचा इतिहास आणि त्याचं रसायनशास्त्र, दोन्ही एकाच जागी येऊन पोचतात.

सुरुवातीचा हॅश कुरकुरीत नव्हताच. इंग्लंडमधल्या सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत जानेवारी १६६३ मधल्या एका मेजवानीची नोंद आहे, तिच्यात सशाच्या हॅशचा उल्लेख येतो. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या प्रसिद्ध पाककृतींच्या पुस्तकात मटणाचा हॅश आहे. हे सगळे हॅश म्हणजे आधी भाजलेल्या मांसाचे पातळ काप दाटसर रश्श्यात पुन्हा गरम करणं. रविवारी मोठा भाजलेला तुकडा ताटात यायचा, उरलेलं सोमवारी रश्श्यात जायचं. बटाटा त्यात नव्हता, खरवड नव्हती आणि त्या पदार्थाचा न्याहारीशी खास संबंधही नव्हता.

बटाटा आणि खारवलेलं मांस एकत्र कसे आले याची गोष्ट आयर्लंडमधून जाते, आणि ती सुखाची नाही.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधला. तिथे काही हजार वर्षांपासून त्याची लागवड होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो स्पेनमध्ये पोचला आणि तिथून हळूहळू युरोपभर. आयर्लंडच्या ओलसर हवेत तो इतका रुजला की अठराव्या शतकाअखेर तिथला गरीब शेतमजूर जवळजवळ पूर्णपणे त्याच्यावर जगू लागला. प्रौढ मजूर दिवसाला ५ किलोंच्या आसपास बटाटे खात असे, सोबत मिळालं तर ताक.

त्याच बेटावर गुरंही भरपूर होती. इंग्लंडच्या संसदेने १६६३ आणि १६६७ मध्ये कायदे करून आयर्लंडमधून येणाऱ्या जिवंत जनावरांवर आधी मोठा कर आणि मग सरळ बंदी घातली, इंग्लिश पशुपालकांना स्पर्धा नको म्हणून. जिवंत जनावर पाठवता येत नाही म्हटल्यावर आयरिश व्यापाऱ्यांनी ते कापून, मिठात मुरवून, लाकडी पिंपांत भरून पाठवायला सुरुवात केली. दक्षिण किनाऱ्यावरचं कॉर्क हे बंदर या धंद्याचं केंद्र झालं. पोर्तुगाल आणि फ्रान्सकडून समुद्रमार्गे जाडं मीठ यायचं आणि पिंपं जायची ब्रिटिश आरमाराला, कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांना, फ्रेंच वसाहतींनासुद्धा. मळ्यांवरच्या गुलामांच्या वाट्याला त्यातलं हलक्या प्रतीचं मांस येई. गुरं राखणाऱ्या आयरिश मजुराच्या वाट्याला तेही येत नसे. एकाच बेटावर मांस आणि बटाटा दोन्ही होते. गरिबाच्या ताटात मात्र ते एकत्र येत नव्हते.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. फायटोफ्थोरा इन्फेस्टान्स हे त्या रोगाच्या सूक्ष्मजीवाचं नाव. जमिनीत चांगला दिसणारा बटाटा तो काही दिवसांत काळा आणि नासका करून टाकतो. पुढच्या ५-६ वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी गेली, निदान तेवढीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत ८० लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. या सगळ्या काळात आयर्लंडमधून धान्य आणि जनावरं बाहेर जात राहिली. दुष्काळ निसर्गाने आणला, पण इतकी माणसं मेली ती राज्यव्यवस्थेने, हे म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

जे अमेरिकेत पोचले त्यांना न्यूयॉर्कमध्ये एक नवी गोष्ट दिसली. तिथे मांस त्यांना परवडत होतं. घरी सणासुदीला मिळणारं डुकराचं खारवलेलं मांस इथे महाग होतं, पण ज्यू खाटकांकडे गाईच्या छातीचा भाग, म्हणजे ब्रिस्केट, स्वस्तात मिळायचा. कॉर्कहून जगभर गेलेलं आणि आपल्याला कधी न मिळालेलं खारवलेलं बीफ त्यांनी एका परक्या शहरात, परक्या धर्माच्या दुकानदाराकडून विकत घेतलं आणि बटाट्यांबरोबर शिजवलं, असं अनेक खाद्येतिहासकार सांगतात.

हॅश आयरिश लोकांनी शोधला असा माझा दावा नाही. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडमध्ये, खारवलेलं बीफ, बटाटे, कोबी, गाजर आणि बीट एका पातेल्यात उकडून जेवायची जुनी पद्धत होती. दुसऱ्या सकाळी उरलेलं सगळं बारीक चिरून तव्यावर जायचं. बीट घातलं की सगळं लालभडक व्हायचं, म्हणून त्याला ‘रेड फ्लॅनेल हॅश’ म्हणत. शहरांमधल्या स्वस्त खाणावळींना तर ‘हॅश हाउस’ हेच नाव पडलं होतं, आणि त्यांच्या हॅशमध्ये नक्की काय आहे याबद्दल गिऱ्हाइकांच्या मनात कायम शंका असे.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो १८९६ सालचा एक छापील पुरावा. बोस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी त्या वर्षी काढलेलं पुस्तक अमेरिकन घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. कॉर्न्ड बीफ हॅशसाठी त्या मांसाइतकेच बटाटे घ्यायला सांगतात, आणि ते उकडून गार झालेले हवेत असं बजावतात. लोणी घातलेल्या गरम तव्यात मिश्रण टाकायचं, दुधाने किंवा सायीने थोडं ओलावायचं, सारखं पसरायचं आणि मग चुलीवर अशा जागी सरकवायचं की खालून ते सावकाश तांबूस होत जाईल. गार बटाटा आणि सावकाश आच. या दोन गोष्टी स्वयंपाक करणाऱ्या बायकांना रसायनशास्त्राच्या बऱ्याच आधी ठाऊक झाल्या होत्या. त्यांचं कारण मात्र नंतर समजत गेलं.

त्या कारणाकडे जाण्याआधी डब्यातल्या मांसाबद्दल थोडं, कारण तिथे एका मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव आणि त्याची एक मोठी चूक एकत्र भेटतात. युस्टुस फॉन लीबिग हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. मांसाचा अर्क काढून तो स्वस्तात विकण्याची त्याची कल्पना उचलून १८६५ मध्ये एक कंपनी स्थापन झाली आणि उरुग्वेमधल्या फ्राय बेंतोस या नदीकाठच्या गावी तिचा प्रचंड कारखाना उभा राहिला. १८७३ पासून तिथे खारवलेलं बीफ डब्यांत भरू लागले. १८७५ मध्ये शिकागोच्या विल्यम विल्सन यांनी खाली रुंद आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या चौकोनी डब्याचं पेटंट घेतलं. मांसाची वडी अखंड बाहेर यावी म्हणून तो आकार. कॉर्न्ड बीफचे डबे आजही तसेच दिसतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक खंदकांत हेच डबे फोडून खात होते, आणि फ्राय बेंतोसचा तो कारखाना २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

लीबिगची चूक अशी: मांसाला सुरुवातीला जबर आच दिली की पृष्ठभागावर कवच तयार होतं आणि आतला रस आतच कोंडला जातो, असं त्याने मांडलं. दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी हा समज स्वयंपाकघरांतून जात नाही. खरं तर तव्यावर ठेवलेल्या मांसाचा किंवा बटाट्याचा चर्र आवाज येतो तो बाहेर पडणारं पाणी क्षणात वाफ होतं म्हणून. खरवड धरल्यावरही तो आवाज थांबत नाही. म्हणजे कवचातून पाणी जातच असतं. आच हवी ती रस कोंडायला नव्हे, पृष्ठभाग कोरडा करायला.

हॅशचं सगळं शास्त्र या कोरडेपणात आहे. पाण्याचा एक हट्ट आहे: साध्या हवेच्या दाबाला ते १०० अंशांच्या वर चढत नाही. तवा २०० अंशांवर असला तरी बटाट्याच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर तो पृष्ठभाग १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो. आणि ती ओल घालवणं महाग काम आहे. १ ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ३३५ जूल ऊर्जा पुरते. तेच १ ग्रॅम पाणी पुढे वाफ व्हायला आणखी सुमारे २,२६० जूल लागतात, म्हणजे जवळपास पावणेसात पट. बटाट्यात वजनाच्या जवळजवळ ८० टक्के पाणी असतं. तव्यात फोडींची गर्दी केली, त्यात ओला कांदा टाकला आणि वर झाकण ठेवलं, तर तव्याची सगळी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते आणि ती वाफही तिथेच घुटमळते. भाजणं थांबतं, उकडणं सुरू होतं.

पृष्ठभाग कोरडा झाला की मगच पारा चढतो, आणि १४० अंशांच्या पुढे मायार अभिक्रिया जोरात चालू होते. लुई-कामीय मायार हा फ्रेंच डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ. १९१२ मध्ये त्याने अमिनो आम्लं आणि ग्लुकोज एकत्र तापवल्यावर मिश्रण तांबूस होतं, हे नोंदवलं. त्याला स्वयंपाकात रस नव्हता. सजीवांच्या शरीरात प्रथिनं कशी घडतात हे त्याला शोधायचं होतं. पुढे कितीतरी वर्षं त्याच्या कामाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९५३ मध्ये जॉन हॉज या कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने, इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत काम करताना, या अभिक्रियेच्या पायऱ्या नीट जुळवून दाखवल्या आणि अन्नरसायनशास्त्राला एक पायाच मिळाला. भाजलेल्या पावाचा, कॉफीचा, शेंगदाण्यांचा, मांसाचा खमंगपणा याच कुळातला. हॅशमध्ये मांसाकडून अमिनो आम्लं भरपूर येतात, बटाट्याकडून थोडी अमिनो आम्लं आणि थोडी साखर. फॅनी फार्मर यांचं चमचाभर दूध इथे कळतं. वरवर पाहता कोरडं करायच्या पदार्थात ओल घालणं उलटं वाटतं. पण त्यातलं पाणी लगेच उडून जातं आणि दुधाची साखर व प्रथिनं मागे राहून खरवडीला रंग देतात.

आता बटाटा कालचाच का?

बटाट्याच्या पेशींत स्टार्चचे कण ठासून भरलेले असतात. रोजच्या खाण्यातल्या पिष्टमय पदार्थांत बटाट्याचे कण सगळ्यांत मोठ्यांपैकी. काही १०० मायक्रॉनपर्यंत जातात. पाण्यात ६० ते ६५ अंशांच्या पुढे हे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची घट्ट रचना सुटते. त्याच सुमारास, थोड्या वरच्या तापमानाला, पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळू लागतं. म्हणूनच उकडलेला गरम बटाटा बोटाने दाबला की कुस्करतो. असा बटाटा तव्यावर टाकून उलथला तर त्याच्या कडा मोडतात, फुगलेला स्टार्च बाहेर येतो, तेल पितो आणि सगळ्याचा गिच्च गोळा होतो.

तोच बटाटा गार होऊ दिला तर स्टार्चचे सुटे झालेले रेणू पुन्हा शेजारी शेजारी लागतात. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात, सरळ साखळीचा अमायलोज आणि फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. अमायलोज काही तासांतच घट्ट, स्फटिकासारख्या रचनेत बसतो. अमायलोपेक्टिनला जास्त वेळ लागतो. ही क्रिया गोठणबिंदूच्या थोडं वर, म्हणजे फ्रिजमधल्या ४ अंशांच्या आसपास, सगळ्यांत चांगली चालते. आणि एकदा बसलेली अमायलोजची रचना साध्या उकळत्या पाण्याच्या तापमानालाही सुटत नाही. त्यामुळे रात्रभर गार राहिलेली फोड तव्यावर पुन्हा तापली तरी तिचा आकार टिकतो. आदल्या दिवशीचा भात फोडणीला टाकला की मोकळा राहतो आणि ताजा टाकला की चिकट होतो, त्यामागेही हेच कारण आहे; मराठी घरांत ते कुणाला शिकवावं लागत नाही.

शिवाय फ्रिजमध्ये उघड्या ताटलीत ठेवलेल्या फोडींचा पृष्ठभाग रात्रभर सुकतो. तव्याला जे पाणी आधी हाकलावं लागलं असतं, ते आधीच गेलेलं असतं. फोडीच्या बाहेर उकडताना आलेला स्टार्चचा पातळ लेप असतो. तो तव्यावर सुकून काचेसारखा कडक होतो. दातांखाली कुर्रकन मोडते ती हीच कडक, पोकळ झालेली स्टार्चची चादर. तिला पुन्हा ओल लागली की ती चामट होते. कुरकुरीतपणाचा शत्रू आधीही पाणी आणि नंतरही पाणीच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण तिच्यात घोळ होतो. उकडलेला बटाटा फ्रिजमध्ये ठेवायचा, पण कच्चा नाही. कच्चा बटाटा जिवंत असतो. खूप थंडीत तो आपल्या स्टार्चची साखर करू लागतो. शीतगृहातून आलेला जुना बटाटा भाजीत गोडसर लागतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. असा बटाटा तव्यावर आतून भाजण्याआधी बाहेरून काळपट पडतो, कारण जास्तीची साखर मायार अभिक्रियेला भरभर ढकलते. वेफर्स करणाऱ्यांची ही मोठी डोकेदुखी होती. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने साखर कमी राहणाऱ्या ‘कुफरी चिप्सोना’ जाती त्यासाठीच काढल्या. घरी आणलेला बटाटा गोडसर निघाला तर त्याला आठवडा-दोन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर जागी बाहेर ठेवावं. त्यातली बरीचशी साखर परत स्टार्चमध्ये जाते. उकडल्यावर मात्र बटाट्यातली विकरं मरतात, त्यामुळे तो फ्रिजमध्ये गोड होत नाही.

फार काळपट भाजू नये याला चवीपलीकडचंही एक कारण आहे, आणि ते कळलं एका बोगद्यामुळे. दक्षिण स्वीडनमध्ये हालांडसोस टेकडीतून रेल्वेचा बोगदा खणताना १९९७ मध्ये गळणारं पाणी थांबवण्यासाठी एक भरण वापरलं गेलं. त्यातून ॲक्रिलामाइड हे विषारी रसायन ओढ्यात उतरलं. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. बोगद्यातल्या कामगारांना किती बाधा झाली हे पाहायला त्यांचं रक्त तपासलं, आणि तुलनेसाठी बोगद्याशी काही संबंध नसलेल्या लोकांचंही. त्या दुसऱ्या लोकांच्या रक्तातही ॲक्रिलामाइडच्या खुणा सापडल्या. त्यांच्या अंगात ते आलं कुठून, याचा माग काढत स्टॉकहोम विद्यापीठातले संशोधक स्वयंपाकघरापर्यंत पोचले. २००२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की तळलेल्या आणि भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत, विशेषतः बटाट्यात, ते १२० अंशांच्या पुढे आपोआप तयार होतं. बटाट्यात ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. साखरेशी त्याची गाठ पडली की हे घडतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरलं आहे. माणसांत रोजच्या खाण्यातून किती धोका होतो यावर एकमत नाही. तरी सोनेरी-तांबूस रंगावर थांबावं, करड्या-काळ्यापर्यंत जाऊ नये, हा सल्ला मला शहाणपणाचा वाटतो. चवही तिथेच उत्तम असते.

मांसाचं गणित सोपं आहे. ब्रिस्केट हा जनावराच्या छातीचा, सतत भार वाहणारा स्नायू. त्यात कोलाजेन हे चिवट प्रथिन खूप असतं. मंद आचेवर तास-दोन तास नव्हे, तीन-चार तास शिजवलं की त्याचं जिलेटिन होतं. हॅशच्या तव्यात हे जिलेटिन वितळून फोडींना एकमेकींशी धरून ठेवतं आणि स्वतःही खरपूस होतं. त्यामुळे कोरड्या, चरबी नसलेल्या मांसाचा हॅश नीट जमत नाही. तो सुटा-सुटा राहतो. कॉर्न्ड बीफ शिजूनही गुलाबी दिसतं ते मुरवण्याच्या मिठातल्या नायट्राइटमुळे. मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याला ते धरून ठेवतं आणि घातक बोटुलिनम जिवाणूलाही रोखतं.

बीफ ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी हळहळायचं कारण नाही. खाटकाकडे मटणाचा ‘सीना’ मागावा. बकऱ्याच्या छातीचा तोच भाग, तसंच भरपूर कोलाजेन, शिवाय चरबीचे पदर. मीठ, मिरी, तमालपत्र घालून तो मऊ शिजवावा, हाडं काढून मांस हाताने मोडावं आणि रात्रभर गार ठेवावं. कुकरला वेळ वाचतो, पण शिट्ट्यांच्या भरात मांसाची पार पेस्ट होऊ देऊ नये.

बटाटे ५०० ग्रॅम घेतले तर मांस ३०० ग्रॅम पुरे. मी बटाट्याकडे झुकते. फॅनी फार्मर यांचं समान प्रमाण मला जड वाटतं. बटाटे सोलून साधारण १ सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात आणि गार पाण्यात टाकून उकळी आणावी. पाण्यात लिटरमागे एक मोठा चमचा व्हिनेगर घालावं. आम्लात पेक्टिन सहज विरघळत नाही, म्हणून फोडीच्या कडा शाबूत राहतात. सुरीचं टोक हलकेच जाईल इतपत शिजल्या की निथळून, त्याच गरम पातेल्यात दोन मिनिटं उघड्या ठेवून वाफ जाऊ द्यावी. मग ताटलीत पसरून, गार झाल्या की फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात त्या ओट्यावर तासन्‌तास राहू देऊ नयेत.

सकाळी तवा बिडाचा असावा. बीड उष्णता चांगली वाहून नेतं हा गैरसमज आहे. त्यात ते ॲल्युमिनियमच्या मागे पडतं. त्याचं बळ साठवणुकीत आहे. जाड बिडात भरपूर उष्णता साठते आणि गार फोडी पडल्या तरी तवा एकदम थंड होत नाही. म्हणून तो मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं आधी तापवावा लागतो. लोण्यापेक्षा तूप बरं. लोण्यात पाणी असतं आणि करपणारे दुधाचे कण असतात. तुपातून दोन्ही गेलेले असतात. कांदा आधी वेगळा परतून बाजूला काढावा, कारण त्याचं पाणी आपल्याला नको आहे. मग दोन मोठे चमचे तूप आणि बटाट्याच्या फोडी एका थरात. आता सहा-सात मिनिटं उलथनं खाली ठेवावं. हॅश बिघडवतो तो बहुतेक वेळा अधीर हात. धरू पाहणारी खरवड दर अर्ध्या मिनिटाला मोडली तर ती कधीच धरत नाही.

कडा तांबूस दिसू लागल्या की फोडी उलटाव्यात, मांस आणि कांदा घालावा, चमचाभर साय शिंपडावी, मिरी भरडून टाकावी आणि उलथन्याने सगळं तव्यावर दाबून पसरावं. मांस उशिरा घालायचं कारण ते आधीच शिजलेलं आणि बारीक असतं, सुरुवातीपासून घातलं तर दोरीसारखं होतं. मीठ चाखूनच घालावं. खारवलेल्या मांसाला बहुधा लागत नाही. पुन्हा पाच मिनिटं शांत. मग पातळ धारेच्या उलथन्याने तळापासून खरवडून, खरवड वर येईल असं तुकड्या-तुकड्याने उलटावं आणि दुसरी बाजू होऊ द्यावी. नॉनस्टिक तव्यावर हे खरवडणं जमत नाही, आणि खरवड हाच तर सगळा खटाटोप आहे.

हाच विचार इतरत्रही झाला आहे. स्वीडनचा ‘पित्तिपन्ना’ उरलेल्या मांसाचा आणि बटाट्याचा, सोबत बिटाचं लोणचं. डेन्मार्कमध्ये ‘बिक्समाड’, ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागात ‘ग्रोस्टल’. त्यातला ग्रोस्टल मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात ओव्याच्या जातकुळीतलं शहाजिरं आणि मार्जोरम असतं, आणि तो तव्यासकट टेबलावर येतो.

राहिलं अंडं. बऱ्याच पाककृती हॅशमध्ये चार खळगे करून त्यात अंडी फोडायला आणि वर झाकण ठेवायला सांगतात. दिसायला ते सुंदर असतं. पण अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हायला झाकणाखालची वाफ लागते, आणि तीच वाफ अर्ध्या तासाच्या मेहनतीने सुकवलेल्या खरवडीत शिरते. चार मिनिटांत ती मऊ पडते. अंडं दुसऱ्या लहान तव्यावर तुपात तळावं, कडा जाळीदार होऊ द्याव्यात, बलक पातळ ठेवावा, आणि हॅश ताटात वाढून झाल्यावरच त्याच्यावर सरकवावं.